अक्का, ही पिशवी पुरायची न्हाई

राजुरी
७ एप्रिल २००४

अक्का,

नमस्कार लिहावा का न्हाई याचा इचार करत बसले, तवर चुलीवरचं दूध उतू गेलं. शेवटी लिहितेच. थोरल्या बहिणीला नमस्कार. थोरल्या जावेला न्हाई. एकाच घरात दोघी पोरी दिल्या तवा आईला वाटलं व्हतं, एकमेकींना धरून राहतील. धरलं आपण, पण झिंज्या धरल्या.

तीन वर्षं तू माझ्याशी बोलत न्हाईस आन् मी तुझ्याशी. पण यंदा यात्रेला तू आली न्हाईस म्हणून लिहावं लागतंय. भोसरीहून तुझ्या रामदासनं संपतच्या दुकानात फोन केला, आईला अशक्तपणा हाय, जमायचं न्हाई. कशाचा अशक्तपणा इचारलं तर म्हणतो, 'असाच.' तुझाच पोरगा तो, तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्याच्या जिवावर येतं.

मंग देवळात सगळ्या बाया जमल्या. अंबाबाईचा पुरणाचा नैवेद्य आता कुणी करायचा? जिचं महिन्याचं बाजूला बसणं कायमचं सुटलंय तिनंच करायचा, ही आपल्या वस्तीची रीत. तू भोसरीला राहायला गेलीस तरी दर चैत्राला त्यासाठी यायचीस. लंकाबाईचं सुटलंय, पण तिचा हात कापतो. प्रयागबाई लेकीकडं गेलेली. राहिलं कोण? मीच. आन् तू तर तीन वर्षांमागं भर देवळात सांगून ठेवलेलं, 'इंदीचं देवानं थांबवलं न्हाई, डॉक्टरनं थांबवलंय. पिशवी काढलेली बाई अपुरी. तिच्या हातचं देवीला चालत न्हाई.' ते सगळ्यांना पाठ हाय. सगळ्या आपल्या पायाच्या बोटांकडं बघत उभ्या. शेवटी लंकाबाईच म्हणली, 'अगं मंग देवीला काय उपाशी ठेवता का?' आन् मी पदर खोचला.

अक्का, पुरण असं उतरलं व्हतं की वाटताना पाटा बी गोड वाटला असंल. देवीनं खाल्लं. परत तरी केलं न्हाई. मला लई म्हणजे लई बरं वाटलं. हे तुला कळावं एवढ्यासाठीच हा कागद खर्ची घातलाय, दुसरं कायबी कारण न्हाई.

अशक्तपणा कशाचा तेवढं कळव. शेवग्याच्या पाल्याची भाजी खात जा.

इंदू

राजुरी
२२ एप्रिल २००४

अक्का,

काल आरतीचा फोन आला. तुझी सून तुझ्यापेक्षा धीट निघाली. दुकानात चारजण बिड्या ओढत बसलेले, ती तिकडून बोलतीया आन् मी इकडून नुसतं 'हूं, हूं' करतेय. म्हणून सगळं कागदावर लिहिते. असली गोष्ट संपतच्या दुकानात बोलायची न्हाई.

तिनं सांगितलं ते खरं हाय का? दिवाळीपासून तुला परत अंगावरून लाल जातंय? आन् तू काय केलंस, तर गॅलरीत घोंगडी टाकून चार दिस बाजूला बसलीस! ताट वेगळं, तांब्या वेगळा. न्हाऊन परत घरात आलीस. मंग परत गेलं, परत बसलीस. मंग आठ दिस, मंग पंधरा. शेजारणी हसल्या म्हणं, 'आजी तरण्या झाल्या.' आन् तू बी हसलीस.

म्हणजे यात्रेला तू अशक्तपणा म्हणून राहिली न्हाईस. विटाळ म्हणून राहिलीस. दुखणं हाय हे तुझ्या डोक्यातच आलं न्हाई. रीत इतकी नीट पाळलीस की डॉक्टरला दाखवायचं सुचलंच न्हाई. अगं, अठ्ठावन्नाव्या वर्षी, सुटून आठ वर्षं झाल्यावर, कुणाचं परत येतं का? खरं सांगू, आरतीनं सांगितलं तवा घटकाभर मला बी वाटलं, असंल बाई, येत असंल. 

आन् एक. मी नैवेद्य केला, मिरवलं, तुला डिवचायला कागद लिहिला. तू तिकडं गॅलरीत बसलेली. ते पुरण आता मला आठवायलाबी नको. मला मान पायजे व्हता, पण असा न्हाई.

सोमवारी रामदासला रजा टाकायला लाव आन् मोठ्या दवाखान्यात जा. बाईडॉक्टर असंल तिथं जा. लाजू नको. गेलीस का न्हाई हे आरती मला सांगणार हाय, तुझ्यावर माझा भरवसा न्हाई.

इंदू

राजुरी
१४ मे २००४

अक्का,

परवा मी भोसरीला आले, आन् तू भिंतीकडं तोंड करून पडलीस. येष्टीत आळेफाट्यापासून उभी आले व्हते मी. दाजी बिचारे 'चहा घे, चहा घे' करत राहिले. तुझी पाठ बघत मी दुपारभर बसले. तुझी वेणी पार शेपटीएवढी राहिलीय. ती बघूनच मला रडू आलं, पण तुझ्यासमोर रडायचं न्हाई असं ठरवून आले व्हते.

म्हणून परत कागदच. तोंडावर बोलू देत न्हाईस तर वाच.

पिशवीतला तुकडा काढून तपासला, त्यात कॅन्सर निघाला. हे आता लपवायचं न्हाई, तुलाबी माहीत हाय आन् मलाबी. पिशवीच्या आतल्या अस्तराला हाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'पिशवी काढली की पुष्कळदा बायका बऱ्या होतात. लवकर काढू.' आन् तू आरतीला सांगितलंस, 'मी कापून घेणार न्हाई. जाईन ती पुरी जाईन.'

पुरी जाईन! अक्का, तुला कळतंय का तू काय बोललीस? मी अकरा वर्षं झाली कापलेली हाय. मी कांदा काढते, साठवणीच्या आरणीत भरते, भाकऱ्या थापते, भांडते, हसते, आजारी पडते, बरी व्हते. काय कमी हाय माझ्यात, सांग बरं? तू मला अपुरी म्हणलीस तवा मला लागलं व्हतं, लई लागलं व्हतं. आता तू त्याच शब्दापायी मरायला निघालीस. तो शब्द माझ्यावर टाकला व्हतास, तो तुझ्या गळ्यात पडलाय, आन् तू तो काढून फेकायचं सोडून कवटाळून बसलीस.

तुला नैवेद्याची काळजी वाटतीय, मला ठाऊक हाय. पिशवी गेली तर परत देवीसमोर उभं राहता यायचं न्हाई. तर ऐक. मी काल देवळात जाऊन लंकाबाईला सांगून आले, पुढल्या चैत्रापासून मी नैवेद्याच्या पातेल्याला हात लावणार न्हाई. कवाच न्हाई. तो मान तुझाच राहू दे, तू कर, न्हाईतर कुणी बी करू दे. मला नको. मला लई पायजे व्हता, खोटं कशाला बोलू. पण नको. आता तरी आपरेशनच्या टेबलावर जा.

दुसरं. डॉक्टरीणबाईंनी तुला इचारलं, 'घरात, रक्ताच्या नात्यात कुणाला असा आजार?' तू म्हणलीस, 'कुणाला कायबी न्हाई.' न्हाई कसं? आई कशानं गेली? तिच्या अंगावरून जायचं, आन् आपण फडकी लपवून धुवायचो. घोडेगावचा मामा कशानं गेला? शौचावाटे रक्त जाऊन वाळत वाळत गेला. असलं सांगायचं नसतं म्हणून तू सांगितलं न्हाईस. परवा परतताना मी दवाखान्यात बाईंकडं गेले. मी सांगितलं. बाईंनी कागदावर गोल आन् चौकोन काढले. बायांचे गोल, बाप्यांचे चौकोन. आईचा गोल काळा केला, मामाचा चौकोन काळा केला, तुझा काळा केला. माझा अर्धाच काळा केला. मला म्हणाल्या, 'तुमची पिशवी कशासाठी काढली होती? तपासणीचा रिपोर्ट असेल ना?' मी म्हणले, हरवला.

मला त्यांचं निम्मं कळलं न्हाई. आईच्या दुखण्याचा तुझ्या पिशवीशी काय संबंध, मामा तर बाप्या, त्याला कुठली पिशवी? घरी येऊन तुझ्या दिराला इचारलं, तर माझं घरचं माणूस म्हणतं, 'डॉक्टरला सगळं इचारायची सवय असती.' मंग कांदा निवडत राहिलो दोघं.

टेबलावर जा, अक्का. मी हात जोडते.

इंदू

राजुरी
१७ जून २००४

अक्का,

तू गेलीस टेबलावर. त्याबद्दल तुला काय म्हणू ते कळत न्हाई. शाबास म्हणायला तू थोरली. म्हणून कायबी म्हणत न्हाई.

मी बाहेर बाकड्यावरच व्हते, तुला कुणी सांगितलं नसंल. पेशंटची पिशवी बघा म्हणून ताट घेऊन सिस्टर बाहेर आली. रामदासनं बघितलं आन् तोंड फिरवलं. मंग मीच बघितली. एवढीशी ती. त्यात रामदास वाढला, स्नेहल वाढली. मला वाटलं व्हतं भीती वाटंल. माया वाटली.

आता तुझा निरोप. आरती म्हणली, शुद्धीवर आल्या आल्या तू पयलं तेच इचारलंस, 'ती कुठं ठेवली? इंदीला सांग घेऊन जायला. जिच्यात लेकरं वाढली ती फेकायची न्हाई, बाळंतपणातली वार पुरतो तशी हळद-कुंकू वाहून पुरायची. जांभळीखाली, तिची पुरली तिथंच.'

अक्का, ही पिशवी पुरायची न्हाई.

रागावू नको. आता तुला सांगावंच लागंल. मी डॉक्टरीणबाईंना रिपोर्ट हरवला म्हणाले, ते खोटं. माझा रिपोर्ट कवा झालाच न्हाई. आठव, ९३ साली फाट्यावरच्या दवाखान्यात माझी पिशवी काढली, आन् डॉक्टरांनी बरणीत औषधाच्या पाण्यात घालून तुझ्या दिराच्या हातात दिली. 'पुण्याला तपासायला न्या, आठवड्यात कागद येईल,' असं बजावून सांगितलं. ते बरणी घेऊन घरी आले. ओट्यावर तू बसलेली. तू म्हणलीस, 'बाईच्या पोटातलं पुण्याच्या कुठल्या टेबलावर मांडायला नेता का? वार कुणी पुण्याला नेतं का? पुरा जांभळीखाली.' आन् तुझ्यासमोर त्यांचं कवा चाललंय? पुरली. तूच नारळ फोडलास. मी आत खाटेवर पडलेली, मला सगळं ऐकू येत व्हतं, आन् मलाबी तवा तेच बरोबर वाटलं. मी तुझ्यावर खूश झाले व्हते. माझ्यासाठी अक्कानं नारळ फोडला.

डॉक्टरीणबाईंनी परत इचारलं तवा मी खरं सांगितलं. त्या लिहायचं थांबल्या. मंग म्हणाल्या, 'तेव्हा तपासलं असतं आणि त्यात काही निघालं असतं, तर तुमच्या बहिणीला तेव्हाच सावध करता आलं असतं.' निघालं असतं का? कुणाला ठाऊक. कदाचित कायबी नसंल. माझी नुसती सुजलेली असंल, बायांच्या काढतात तशी. अकरा वर्षांत मातीत काय राहतं? आता कवाच कळायचं न्हाई.

मी हे तुला टोचायला लिहीत न्हाई. दोन दिस कागद तसाच ठेवला व्हता, पाठवू का नको करत. तुझं पोट अजून टाक्यात, त्यात हे ऐकवायचं म्हणजे मी राक्षसीणच. पण तुझा निरोप आला आन् गप बसता येईना. तुझ्या पिशवीचे तुकडे मेणात बसवून ठेवणार हायत, छोट्या ठोकळ्यात. त्यातनं बघणार हायत की किती आत गेलंय, कसल्या जातीचं हाय, तू बरी व्हशील का. शिवाय तुझी स्नेहल हाय, माझी संस्कृती हाय. त्यांनी काय करायचं? परत नारळ फोडायचा का?

मी सही करून आले. ती मेणात राहील. तुला माझ्याशी बोलायचं नसंल तर परत बोलू नको.

इंदू

राजुरी
३० ऑगस्ट २००४

अक्का,

तुझं कार्ड आलं. तुझ्या हातचं अक्षर बघून ते पोस्टमनसमोरच उभ्यानं वाचलं. तीन वर्षांनी तू मला लिहिलंस, आन् काय लिहिलंस, 'इंदे, कागद कळत न्हाई. मी जगंन का तेवढं सांग.' जांभळीबद्दल, बरणीबद्दल एक अक्षर न्हाई. चालंल.

मी काय सांगू गं? मी सातवी शिकलेली. पण रामदासनं रिपोर्टाची झेरॉक्स पाठवली व्हती, ती घेऊन मी परत डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी एकेक ओळ समजावली. ऐकताना सगळं कळत व्हतं, येष्टीत बसले आन् सगळं मिसळलं. तरी सांगते, जसं राहिलं तसं.

पिशवीची भिंत असती, त्यात ते निम्म्यापेक्षा जास्त आत गेलंय. हे वाईट. पण बाजूच्या गाठी काढून बघितल्या, त्यात न्हाई. हे चांगलं. पेशी बघून नंबर देतात, एक दोन तीन. तुझा तीन. मला वाटलं तीन म्हणजे जास्त मार्क, बरं असंल. न्हाई, तीन वाईट. तुझं वय, साठीच्या आत, हे चांगलं. सहा महिने अंगावर काढलं, हे वाईट. हार्मोनची एक तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली असती तर चांगलं व्हतं, तुझी जेमतेम आली. पी त्रेपन्न का कायसं बघतात, ते बिघडलेलं असलं तर वाईट, तुझं बिघडलेलं न्हाई. म्हणजे चांगलं.

मी बाईंना म्हणले, आता बेरीज करून सांगा. चांगलं जास्त का वाईट जास्त? त्या हसल्या न्हाईत. म्हणाल्या, 'अशी बेरीज होत नाही. शंभर बायकांचं मी सांगू शकते, तुमच्या बहिणीचं नाही.' मी म्हणले, शंभर बायांशी मला काय करायचंय, मला एकच हाय. मंग जरा आवाज चढला माझा. बाहेर आले तर दुसरे डॉक्टर भेटले, कॅन्सरवर यंत्रानं शेक देणारे. ते म्हणाले, 'काळजी करू नका, शेक घेतला की पुष्कळ फरक पडतो.' एक म्हणतात सांगता येत न्हाई, दुसरे म्हणतात काळजी नको. कुणाचं धरायचं? मला तर वाटतं ते दोघं एकाच बाईबद्दल बोलतच न्हव्हते.

येष्टीत बसून मी बोटांवर मोजत व्हते. चांगलं, वाईट, चांगलं, वाईट. बाजूच्या बाईला वाटलं मी जप करतेय, तिनं पाय सावरून घेतले.

अक्का, मला माहीत न्हाई. खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तू तीन वर्षांनी इचारलंस, आन् पयल्याच उत्तरात खोटं कसं लिहू? शेक घे. सगळा घे, एक दिस चुकवू नको. जेवायला नको वाटलं तरी पेज पी. गुरुवारी दाजी इकडं येणार हायत, त्यांच्याबरोबर तांदूळ पाठवते.

इकडं उसात बिबट्या बसलाय. गेणभाऊची शेळी नेली. बाया खुरपायला चौघी मिळून जातात आन् मोठ्यानं बोलत राहतात. मी तुझंच बोलते.

इंदू

राजुरी
१९ जानेवारी २००५

अक्का,

शेक संपून तुझं वजन वाढलं, आरतीनं सांगितलं. दाजींनी तुला संक्रांतीला बांगड्या भरल्या, हेबी सांगितलं. मी तिळगूळ पाठवलाय, सगळा पोराबाळांना वाटू नको, स्वतः खा.

मेणाच्या ठोकळ्याची मुंबईहून तपासणी आली. बाईंनी मला बोलावून घेतलं, तुझ्याऐवजी मला, याचंच मला कोडं पडलं व्हतं. त्या म्हणाल्या, आपल्या प्रत्येक पेशीत दुरुस्ती करणारं काहीतरी असतं, चूक झाली की नीट करणारं. तुझ्या तुकड्यात त्यातलं एक नव्हतंच. असं असलं की ते बहुतेक रक्तातनं येतं, आईकडून. आईची पिशवी, मामाचं आतडं, तुझी पिशवी, सगळं एकाच माळेचं असू शकतं. मामा बाप्या असून त्यात कसा आला ते मला आत्ता कळलं. दुखणं पिशवीचं न्हाईच, घराण्याचं हाय. आतड्यात बी उठतं.

मंग मी इचारलं, हे अक्कासाठी चांगलं का वाईट? 'काही ठिकाणी दिसतंय की अशा बायका जरा जास्त काळ राहतात. काही ठिकाणी तसं दिसत नाही. अजून नक्की कुणालाच माहीत नाही.' बघ! मुंबईला जाऊन बी तेच. डॉक्टरलाबी कळत न्हाई हे ऐकून मला बरं वाटलं का राग आला, हेच समजंना.

मंग त्या माझ्याकडं वळल्या. 'तुम्ही सख्ख्या बहीण. तुमचं मोठं आतडं दुर्बिणीनं बघून घ्यायला हवं.' कुठनं बघतात ते सांगितलं, आन् मी उठूनच उभी राहिले. मला कायबी व्हत न्हाई, अक्का. भूक लागती, भाकरी पचती. माझा गोल अर्धा काळा काढला म्हणून मी कशाला तसलं करून घेऊ? पन्नाशीच्या बाईनं? तिथं बाप्ये डॉक्टर असत्यात. मी न्हाई म्हणून आले. स्नेहलनं आन् संस्कृतीनं मात्र दर वर्षी दाखवावं, ते मी दोघींना फोनवर बजावलंय.

हे आरतीला सांगू नको. ती लगेच फोन करंल.

इंदू

राजुरी
११ फेब्रुवारी २००५

अक्का,

आरतीला सांगू नको म्हणले तर तू स्वतः येष्टीनं आलीस! पोट धरून, आळेफाट्यावर बदलून, एकटी. दारात उभी राहून पयलं वाक्य, 'तू मला टेबलावर घातलंस, आता तू चल.' चुलीपाशी बसलीस, माझ्या हातची भाकरी खाल्लीस, दुसरी मागून घेतलीस. तेवढ्यासाठी मी कुठली बी दुर्बीण घालून घेतली असती.

देवळात तू नमस्कार केलास तो बाहेरनंच. लंकाबाई आत बोलवत व्हती तरी उंबरा ओलांडला न्हाईस.  तुझं ते तुझ्यापाशी.

तारीख घेतली. तुझ्यावर उपकार म्हणून जातेय, ध्यानात ठेव.

इंदू

राजुरी
२८ एप्रिल २००५

अक्का,

यात्रा झाली. नैवेद्य लंकाबाईनं केला. पुरण पातळ झालं, पोळ्या तव्यावरच फुटल्या, आन् सगळ्या बायांनी माझ्याकडं बघितलं. मी खाल्लं आन् चांगलं झालं म्हणले. शब्द दिला व्हता मी.

आता खरं काय ते लिहिते. तीनदा कागद फाडला.

माझ्या आतड्यात कोंब निघाला. बोराएवढा. दुर्बिणीतनंच काढला, पोट फाडलं न्हाई. तपासून कागद आला मंगळवारी. अजून कॅन्सर झालेला नव्हता, पण होणार व्हता. बाईंनी दोनदा वाचून दाखवलं. म्हणाल्या, 'आणखी दोन-तीन वर्षांनी आला असतात तर गोष्ट वेगळी होती. बहिणीचा तुकडा तपासला नसता तर तुम्हाला इथं कुणी बोलावलंच नसतं.'

मी तिथंच खुर्चीत बसून राहिले. कारण आदल्या दिवशी रामदासचा फोन आला व्हता. तुझ्या फुफ्फुसात डाग दिसलाय. गाठी स्वच्छ, पी त्रेपन्न चांगलं, वजन वाढलेलं, बांगड्या भरलेल्या, आन् तरी डाग. सगळं चांगलं म्हणून मोजलेलं कुठं गेलं? आन् माझं, मी तर तपासायलाच जाणार न्हव्हते, भांडत गेले, तर मी सुटले. एकाच आठवड्यात दोन कागद. एकाच आईच्या दोघी. मला यातलं कायबी समजत न्हाई, अक्का. देवीला इचारलं, ती काय बोलत न्हाई. डॉक्टरांना इचारलं, ते शंभर बायांचं सांगतात.

तुला राग येईल का? यावा. मला माझ्यावर येतोय. घरचं माणूस म्हणतं, देवाचे आभार मान. कसे मानू? माझा जीव वाचला तो तुझ्या आजारामुळं वाचला. तू गॅलरीत बसलीस, ताटात पिशवी आली, मेणात ठोकळे झाले, तवा कुठं डॉक्टरांचं माझ्याकडं लक्ष गेलं. तुझं बघायला मात्र तुझ्याआधी कुणाचा ठोकळाच न्हव्हता. अक्षर वाचता आलं न्हाई तर आरतीकडून वाचून घे.

उद्या सकाळच्या येष्टीनं मी येतेय. राहायला येतेय, परत कवा जायचं ते ठरवलं न्हाई. कांदा काढून झालाय, इथलं हे बघतील. आरतीला सांग, माझं अंथरूण तुझ्या खाटेखाली टाक. तिकडं डॉक्टर काय औषध सांगतील ते करू. तू जगशील का, मला अजूनबी ठाऊक न्हाई. मी जगणार हाय, आन् ते तुझ्यामुळं. हे तुला तोंडावर सांगायचा धीर व्हईना, म्हणून हा कागद आज संध्याकाळच्या गाडीनं संपतबरोबर पुढं धाडतेय.

वाचून रडू नको. रडायचंच असंल तर मी येईपर्यंत थांब.

इंदू